अर्धी जोडी

परदेशाहून परत आलेल्या मनुष्यानें तेथील रस्त्यांची स्वच्छता, आगगाड्यांचा वक्तशीरपणा आणि लोकांची नम्रता यांचें वर्णन करावें, असा आपल्याकडे एक अलिखित दंडकच पडून गेला आहे. आम्ही गेल्या वर्षीं दीड महिना जपानांतील क्योतो शहरीं राहून आलों, तेव्हां आमच्याकडूनही स्नेहीमंडळींची तीच अपेक्षा होती. परंतु खरें सांगावयाचें तर त्या दीड महिन्यांतील एकच वस्तु आमच्या मनांत घर करून राहिली आहे. ती म्हणजे एका जुन्या घरांतील, सोनेरी कागदावर रंगविलेला, घडीचा एक पडदा. पडदा म्हणण्यापेक्षां अर्धा पडदा म्हणणें अधिक बरोबर होईल. कां, तें पुढें येईलच.

आमची कन्या तेथील विद्यापीठांत संशोधनासाठीं राहते. तिचें बिऱ्हाड शिन्माचि नांवाच्या रस्त्यावर, एका जुन्या कापडव्यापाऱ्याच्या घराच्या मागील माडीवर आहे. घर तोंडाशीं अरुंद आणि आंत लांबच लांब. पुढें दुकानाची खोली, मग एक चिमुकलें अंगण, मग राहती जागा, आणि सर्वांत मागें जाड मातीच्या भिंतींचें, आगीस दाद न देणारें कोठार. पुण्याच्या पेठेंतील वाड्यांत ज्याचें बालपण गेलें त्यास असल्या घरांत परकें वाटत नाहीं. दुकान केव्हांच बंद झालें आहे. घरांत आतां एकट्या आजीबाई राहतात. वय ऐंशींच्या पुढें, पाठ थोडी वांकलेली, नजर मात्र अशी कीं उंबऱ्याशीं चपला तिरक्या निघाल्या तरी आंतून त्यांना कळावें. त्यांना आमची भाषा येत नाहीं, आम्हांस त्यांची येत नाहीं. सारें बोलणें कन्येच्या मुखानें चाले, आणि दुभाष्याच्या हातीं किती गोष्टी राहून जातात याचा अनुभव आम्हांस तेथें रोज आला.

जुलै हा क्योतोंतील गिओन उत्सवाचा महिना. इ. स. ८६९ मध्यें देशभर रोगराई पसरली असतां ती शमावी म्हणून जें देवकार्य केलें, त्यापासून हा उत्सव सुरू झाला असें मानतात. 'गिओन' हा शब्द ऐकून आम्हांस कांहींच वाटलें नव्हतें. परंतु तो जेतवनाच्या जपानी नांवावरून आला आहे असें कन्येनें सांगितलें, तेव्हां आम्ही चमकलों. श्रावस्तीचें जें उद्यान अनाथपिंडिकानें बुद्धास अर्पण केलें, त्याचें नांव तेथील दुकानांच्या पाट्यांवर आणि कंदिलांवर झळकत होतें. उत्सवांत १७ आणि २४ तारखेस मिळून ३४ रथ निघतात. त्यांच्या अंगावर देशोदेशींचे जुने गालिचे आणि भरजरी कापडें टांगलेलीं असतात. त्यांतील कांहीं गालिचे आपल्या दख्खनांत विणलेले असावेत असें जाणत्यांचें मत आहे. तें सर्व पाहून आम्हांस अभिमान वाटला हें कबूल करतों. अर्थात् त्यांत आमचें कर्तृत्व कांहींच नव्हतें.

परंतु रथांहून आम्हांस अधिक आवडला तो उत्सवांतील उत्सव. मिरवणुकीच्या आधींच्या तीन रात्रीं शिन्माचि आणि मुरोमाचि या रस्त्यांवरील जुनीं व्यापारी घरें आपल्या दर्शनी खोलीची लांकडी जाळी काढून ठेवतात, आणि आंत वडिलोपार्जित घडीचे पडदे उभे करून दिवे लावतात. रस्त्यानें जाणाऱ्यानें बाहेरूनच उभें राहून पाहावें आणि पुढें जावें. शुल्क नाहीं, विक्री नाहीं, कोणी माहितीही सांगत नाहीं. याला 'ब्योबु मात्सुरि', म्हणजे पडद्यांचा उत्सव म्हणतात. आमच्या गौरीच्या आराशीस शेजारणी जशा उंबऱ्यावरून डोकावून जातात, तसाच कांहींसा तो प्रकार. फरक इतकाच कीं तेथें हळदीकुंकू नाहीं आणि बोलणेंही नाहीं.

'ब्योबु' या शब्दाचा अर्थ वाऱ्याचा आडोसा. वस्तु मूळची चीनची. जपानांत ती कोरियावरून आली. ६८६ सालीं कोरियांतील शिल्ला राज्याकडून आलेल्या नजराण्यांत असे पडदे होते, अशी नोंद जपानच्या जुन्या इतिवृत्तांत आहे. नारा येथील शोसोइन या राजकोठारांत आठव्या शतकांतील एका ब्योबुचीं सहा पानें अजून जपून ठेविलेलीं आहेत. प्रत्येक पानावर झाडाखालीं एकेक स्त्री आहे, आणि तिच्या वस्त्रांवर एके काळीं खरीं पिसें चिकटविलेलीं होतीं. त्या काळीं प्रत्येक पानास स्वतंत्र चौकट असे आणि पानें एकमेकांस दोरीनें किंवा कातड्यानें बांधीत. म्हणजे सहा पानें असलीं तरी चित्रें सहा, आणि तींही आपापल्या कुंपणांत. पुढें चौदाव्या शतकाच्या सुमारास कागदी बिजागऱ्यांची युक्ति निघाली आणि सारेंच पालटलें. कागदाच्या पट्ट्या एक पुढून मागें, दुसरी मागून पुढें, अशा आलटूनपालटून दोन पानांमध्यें चिकटवीत जावयाचें; त्यायोगें पान दोन्ही बाजूंस मुडपतें, आणि सांध्याशीं फटही राहात नाहीं. फट गेली, तसें कुंपणही गेलें. मग चित्रकारास सहाही पानें मिळून एकच मोठा फलक मिळाला, आणि पाइनची एक फांदी तीन तीन पानें ओलांडून जाऊं लागली.

ही सर्व माहिती आम्हांस पुस्तकांतून मिळाली असती. परंतु तेरा तारखेस सकाळीं आजीबाईंनीं आम्हांस कोठारांतून ब्योबु बाहेर काढण्यास हात लावावयास बोलाविलें, तेव्हां जें कळलें तें पुस्तकांत मिळालें नसतें. पहिली गोष्ट म्हणजे त्याचें वजन. उंची सुमारें साडेपांच फूट, उघडल्यावर लांबी बारा फुटांच्या आंतबाहेर. आम्ही धोतर खोंचून, दम धरून उचलावयास गेलों, आणि ती घडी अशी अलगद वर आली कीं आमचा तोलच गेला. आंत हलक्या लांकडाची उभी-आडवी जाळी असते आणि तिच्यावर गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनें कागदाचे थरावर थर दिलेले असतात. थोडक्यांत, ती कागदाची भिंत आहे. दुसरी गोष्ट आमच्या फजितीची. पेटींतून घडी काढून आम्हीं ती जमिनीवर टेकली मात्र, तोंच आजीबाईंच्या तोंडून एक उद्गार निघाला, आणि त्या वयाच्या बाईनें दोन पावलांत येऊन ती आमच्या हातून घेऊन फिरविली. आम्हीं ती उलटी, म्हणजे वरची बाजू खालीं करून टेकली होती.

रात्रीं कन्येनें कारण सांगितलें. घरांत कोणी वारलें म्हणजे प्रेताच्या उशाशीं ब्योबु उलटा उभा करण्याची तेथें जुनी चाल आहे. इतर वेळीं तो उलटा होऊं देत नाहींत. आम्हांस आपल्या अपसव्याची आठवण झाली. जानवें उजव्या खांद्यावर कधीं घ्यावयाचें हें ज्याला लहानपणीं शिकविलें आहे त्याला ही चाल समजावून सांगावी लागत नाहीं. बाळंतिणीच्या खोलींतही पूर्वीं थोरांच्या घरीं ब्योबु लावीत, पण तो सबंध पांढरा. पांढऱ्यावर पांढऱ्याच रंगानें सारस पक्षी आणि पाइनचे वृक्ष काढलेला. मनुष्य ज्या आडोशाआड जन्मास येतो तो पांढरा, आणि ज्याच्याआड त्याला शेवटचें ठेवतात तो उलटा. या दोहोंच्या मधल्या काळांत मात्र सोनेरी पडदे उभे करून नवरानवरीस बसवावयाचें, पाहुण्यांस चहा द्यावयाचा, आणि थंडीच्या दिवसांत दाराकडून येणारा वारा अडवावयाचा.

दुकानाच्या खोलींत चटयांवर आम्ही तो उघडला. डाव्या हातास शेवटच्या पानापर्यंत सोनेरी ढगांचे पट्टे, त्यांच्यावर लहानसा, शांत फूजि पर्वत, आणि खालीं एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत गवत, नुसतें गवत. आपल्याकडे भाद्रपदांत ओढ्याकांठीं काश फुलतो, त्या जातीचें तुऱ्यांचें गवत; त्यांत मधून मधून निळीं रानफुलें. झाड नाहीं, वाट नाहीं, माणूस नाहीं. चित्रकाराची सही नाहीं. अशीं चित्रें सतराव्या शतकांत शहरांतील धंदेवाईक चित्रकारांनीं पुष्कळ काढलीं. त्यांना 'मुसाशिनो'चे पडदे म्हणतात. मुसाशिनो म्हणजे पूर्वेकडील विस्तीर्ण माळ, ज्याच्यावर आज टोकियो शहर आणि त्याचीं उपनगरें वसलीं आहेत. जुन्या कवींची कल्पना अशी कीं या माळास अंतच नाहीं. चंद्राला मावळावयास डोंगर मिळत नाहीं, म्हणून तो गवतांतून उगवतो आणि गवतांतच बुडतो.

"मग चंद्र कोठें आहे?" आम्हीं विचारलें.

आजीबाईंनीं उजवीकडे हात केला. तेथें कांहीं नव्हतें. रिकाम्या चटया होत्या.

हे पडदे मुळांत जोडीनें करतात. उजवा आणि डावा असे दोन, प्रत्येकाचीं सहा सहा पानें, आणि जपानी लिपीप्रमाणें पाहणाराही उजवीकडून डावीकडे पाहात जातो. मुसाशिनोच्या उजव्या पडद्यावर गवतांत बुडणारा मोठा चंद्र असतो आणि डाव्यावर फूजि. टोकियोच्या सन्टोरी कलासंग्रहालयांत अशी एक सबंध जोडी आहे. जोडीचा एकच पडदा राहिला तर जपानी लोक त्यास 'एक पडदा' म्हणूनही मोजतात. परंतु त्यांच्या भाषेंत त्यास आणखी एक शब्द आहे, 'हान्सो'. हान्सो म्हणजे अर्धी जोडी. वस्तु पूर्ण, अखंड, कोठें फाटलेली नाहीं. तरी तिच्या नांवांतच अर्धेपण आहे.

आजीबाईंच्या घरचा चंद्र धाकट्या दिरांच्या वांट्यास गेला होता. त्यांचे सासरे वारले तेव्हां दोन मुलांत दुकान, माल आणि कोठारांतील चीजवस्तु यांची वांटणी झाली. थोरल्यास फूजि, धाकट्यास चंद्र. त्यांत भांडण नव्हतें. धाकटे दीर गांवांतच दुसरीकडे राहात, आणि दर वर्षीं तेरा जुलैस आपला पडदा पेटीसकट घेऊन येत. चार रात्रीं दोन्ही पडदे शेजारीं शेजारीं उभे राहात, आणि १७ तारखेस रथ गेले कीं चंद्र परत आपल्या घरीं जाई. असें कित्येक वर्षें चाललें. मग दीर वारले. पुढें घराच्या विक्रीवरून पुतण्याशीं कांहीं बोलाचाली झाली. तो ओसाकास राहावयास गेला. त्यास अकरा वर्षें झालीं. पडदा त्याच्याकडे आहे कीं त्यानें विकला, हें आजीबाईंस ठाऊक नाहीं.

"विचारलें नाहीं?" आम्हीं म्हटलें. आमच्या देशांत हा प्रश्न कोणीही विचारतो.

कन्येनें तो विचारला कीं गिळला, कोण जाणे. आजीबाई हंसल्या आणि त्यांनीं फडक्यानें चटईवरची न दिसणारी धूळ टिपली. मग उजवीकडच्या पहिल्या पानाशीं वांकून त्यांनीं आम्हांस एक गोष्ट दाखविली. पानाच्या अगदीं कडेवर गवताचें एक पातें बाहेरून आंत झुकलें होतें. त्याचा तुरा या पडद्यावर होता. देठ नव्हता, मूळही नव्हतें. तें त्या दुसऱ्या पडद्यावर होतें. चित्रकारानें जोडी उभी करूनच ब्रश फिरविला असला पाहिजे.

एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानें त्यांना सांगितलें होतें कीं, दुसरा भाग मिळाला तर जोडीची किंमत दोन अर्ध्यांच्या बेरजेहून कितीतरी अधिक येईल. तोंपर्यंत रिकाम्या जागीं शोभेसाठीं दुसरा एखादा पडदा ठेवावा, आपण भाड्यानें देऊं, असेंही त्यानें सुचविलें. आजीबाईंनीं तें मानलें नाहीं. त्या बारा फूट जागेंत त्या फुलदाणीही ठेवीत नाहींत. तीन रात्रीं रस्त्यावरून हजारों माणसें गेलीं. कित्येकांनीं डावीकडे फूजि पाहिला, उजवीकडे रिकाम्या चटया पाहिल्या, आणि मांडणी अपुरी राहिली कीं काय अशा नजरेनें पुढें गेलीं. आम्ही आंतल्या बाजूस बसून तें पाहात होतों, आणि आमचें लक्ष कांहीं केल्या त्या रिकाम्या जागेवरून हालेना. त्याचें कारण सांगितलें पाहिजे.

आमचे वडील गेल्यावर दादांची आणि आमची वांटणी झाली. वाडा पाडून तेथें मोठी इमारत व्हावयाची होती, तेव्हां सामान हलविणें प्राप्तच होतें. दादांचा स्वभाव देऊन टाकण्याचा, आणि आमचा, खरें लिहावयाचें तर, मोजून घेण्याचा. आम्हीं यादी केली. ताटें, तांबे, पाट, परातीं, सगळें निम्मेनिम. शेवटीं देवघरांतील दोन समया राहिल्या. पितळेच्या, कमरेएवढ्या उंच. आईच्या लग्नांत तिच्या वडिलांनीं दिलेल्या. गणपतीच्या दोन बाजूंस त्या तेवत असलेल्या आम्हीं जन्मापासून पाहिल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, जोड मोडूं नका. दोन्ही तुम्हीच न्या." आमचें उत्तर आजही आमच्या कानांत आहे. "वहिनी, न्याय म्हणजे न्याय. एक तुम्हांस, एक आम्हांस." दोन्ही घेतल्या असत्या तर त्यांचें देणें लागलों असतों, आणि तें आम्हांस नको होतें. न्यायाचें नांव पुढें करून मनुष्य काय काय करतो! त्यानंतर तीन वर्षें दोन घरीं दोन गणपति बसले, आणि दोहोंकडे एकेक समई. आमच्याकडे दुसऱ्या बाजूस आम्ही निरांजनांचा एक स्टँड ठेवीत असूं.

कन्येनें यावर एक अक्षरही काढलें नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं तिनें, सहज म्हणून, आम्हांस एक गोष्ट सांगितली. साताके या सरदार घराण्याकडे छत्तीस कवींच्या चित्रांची एक जुनी गुंडाळी होती. १९१९ सालीं ती विकावयास निघाली असतां एवढी किंमत एकट्यानें देण्यास कोणी धजेना. तेव्हां मासुदा ताकाशि नांवाच्या बड्या उद्योगपतीच्या पुढाकारानें ती कापून तिचे ३७ तुकडे केले, आणि टोकियोंत आपल्या घरीं धनिक मंडळी जमवून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या काड्या ओढून त्यांनीं ते वांटून घेतले. मासुदांस हवें होतें एका राजकुलांतील स्त्रीकवीचें चित्र. काडी निघाली एका भिक्षूची. त्यांची मर्जी इतकी गेली कीं ज्यास तें चित्र मिळालें होतें त्यानें तें मुकाट्यानें त्यांना देऊन टाकलें, असें सांगतात. शंभर वर्षांनीं, २०१९ सालीं, क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयानें त्या ३७ पैकीं ३१ तुकडे मिळवून एकत्र मांडले. गोष्ट संपल्यावर कन्या चहा करावयास उठली. आमच्या पेठेंतील वांटणीच्या वेळीं ती घरींच होती, आणि यादी तिच्याच अक्षरांत होती, हें येथें नमूद करून ठेवतों.

वेगळें होणें प्रत्येक वेळीं वाईटच, असें मात्र नव्हे. कोरिन या चित्रकारानें सोतात्सुच्या ब्योबुवरून वारा आणि मेघगर्जना यांच्या देवतांची एक जोडी रंगविली होती. (ती वाऱ्याची देवता, खांद्यावर वाऱ्याची थैली घेतलेली, म्हणजे आपल्या वायूचीच दूरची नातलग.) कोरिन १७१६ सालीं वारला. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं, १८२१ च्या सुमारास, होइत्सु नांवाच्या चित्रकारानें त्याच पडद्यांच्या पाठीवर रुपेरी भूमीवर गवतें रंगविलीं: गर्जनेच्या देवतेमागें पावसानें झोडपलेलीं उन्हाळ्यांतलीं, आणि वाऱ्याच्या देवतेमागें वाऱ्यानें उडविलेलीं शरदांतलीं. पुढील बाजूस देव आणि मागील बाजूस त्यांनीं जें केलें तें. परंतु कागद दोन्ही बाजूंनीं झिजूं लागला, आणि विसाव्या शतकांत तज्ज्ञांनीं पाठपोट सोडवून दोन निराळ्या जोड्या केल्या. आतां त्या दोन्ही टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहेत. जीव वांचावा म्हणून वेगळें करावें लागतें. परंतु तेथेंही जोडी जोडीच राहिली, आणि दोन्ही एकाच छपराखालीं. आमच्या समयांना असा कोणताच आजार झालेला नव्हता.

पडदे हरवूनही जातात. ओदा नोबुनागानें आपल्या आझुचि किल्ल्याचें चित्र असलेले पडदे जेजुइट पाद्र्यांस दिले. ते १५८२ सालीं निघालेल्या चार जपानी मुलांच्या शिष्टमंडळाबरोबर गोव्यावरून यूरोपास गेले आणि १५८५ सालीं रोमला पोपला अर्पण झाले. किल्ला १५८२ सालींच जळाला. पडद्यांचा आजवर पत्ता नाहीं. पोर्तुगीज भाषेंत मात्र असल्या पडद्यास 'बिओंबो' हा ब्योबुवरून आलेला शब्द कायम राहिला. वस्तु गेली आणि नांव उरलें.

शेवटच्या रात्रीं गर्दी ओसरल्यावर आजीबाईंनीं आम्हांस चंद्राचें वर्णन करून सांगितलें. तो रुप्याचा होता, आणि रुपें हवेनें काळवंडतें. म्हणून त्या या घरीं सून होऊन आल्या तेव्हांच तो जवळजवळ काळा झालेला होता. नव्या सुनेनें उत्साहानें तो पुसूं का म्हणून विचारलें, तेव्हां सासूबाई म्हणाल्या कीं, पुसशील तर डाग जाणार नाहीं, चंद्र जाईल. दीर असतांना मुलें त्यास 'जळलेली भाकरी' म्हणत. (तेथें भाताच्या पिठाची भाजलेली पापडी असते, कन्येनें आमच्यासाठीं भाकरी केली.) पुतण्याही लहानपणीं त्यापुढें बसून तांदळाच्या पापड्या खात असे, आणि एकदां त्यानें आपल्या हातांतील पापडी चंद्राशीं लावून मापली होती. हें सांगतांना त्यांनीं दोन्ही हातांनीं हवेंत एक वर्तुळ केलें, आणि तें वर्तुळ बरोबर रिकाम्या चटयांवर, ज्या उंचीवर तें असावयास हवें होतें तेथें, केलें.

त्यांच्याकडे एक म्हण आहे, तीही त्यांनींच सांगितली: व्यापारी आणि ब्योबु वांकल्याशिवाय उभे राहात नाहींत. ब्योबु अगदीं सरळ ताणून उभा केला तर पडतो, हें आम्हीं दुसऱ्या दिवशीं घडी करतांना स्वतःच अनुभवलें. म्हण सांगून त्या म्हणाल्या, "आमचे हे व्यापारी चांगले होते. घरांत मात्र सरळ होते."

१८ तारखेस पडदा परत पेटींत गेला. या वेळीं आम्हीं वरची बाजू तीनदां तपासली. पेटी किरि नांवाच्या हलक्या लांकडाची. तींत दमटपणा आणि कसर शिरत नाहीं म्हणतात. कोठारांत तिच्या शेजारीं तेवढीच जागा रिकामी होती. भिंतीवर जुन्या पेटीच्या कडेची एक फिकट रेघ उमटलेली दिसत होती.

निघण्याच्या आदल्या दिवशीं आजीबाईंनीं कन्येस हांक मारून एक लिफाफा दिला आणि टपालांत टाकावयास सांगितलें. पत्ता ओसाकाचा होता. आंत काय लिहिलें होतें तें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि कन्येनेंही विचारलें नाहीं. तिचीं पत्रें येतात, त्यांत अद्याप उत्तराचा उल्लेख नाहीं.

आम्ही पुण्यास आलों तेव्हां श्रावण चालू होता. चतुर्थीच्या आदल्या दिवशीं सौ.नें कांहींएक न विचारतां समई धुतलेल्या पंचांत गुंडाळून दिली, आणि आम्ही रिक्षा करून दादांच्या बिऱ्हाडीं गेलों. मांडीवर तें ओझें घेऊन बसलों असतां काय बोलावयाचें याचीं चार वाक्यें आम्हीं जुळविलीं होतीं. दार वहिनींनीं उघडलें. त्यांनीं पंचाकडे पाहिलें, आमच्याकडे पाहिलें, आणि त्या चारही वाक्यांची गरज राहिली नाहीं.

"किती काळी केलीत हो भावोजी," त्या म्हणाल्या, आणि आंतून चिंचेचा कोळ घेऊन आल्या. हिचा काळेपणा जाणारा होता.

दादांनीं आपली समई आणून शेजारीं ठेविली. चौरंगाच्या उजव्या बाजूची कोणती आणि डाव्या बाजूची कोणती, हें त्यांना आठवेना, आम्हांसही आठवेना. आम्ही दोघेही खालीं बसून त्या फिरवून फिरवून पाहूं लागलों. वहिनींनीं घासतां घासतांच सांगितलें कीं, खालच्या बैठकीस पोचा आहे ती डावीकडे. सासूबाई पोचा भिंतीकडे करून ठेवीत असत.